वर्तुळातली तीन वर्षं

फेकणाऱ्याचं शरीर पिकतं सव्वीस-सत्तावीसच्या पुढे, आणि पदवीचा कागद हातात पडतो एकविसाव्या वर्षी. कॉलेजात गोळा, थाळी, भाला शिकवणाऱ्या माणसाची सगळी नोकरी या मधल्या फटीत अडकलेली असते. आकडेच बघा. म्हैसूरला जन्मलेल्या विकास गौडानं थाळीफेकीत ६६.२८ मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला तो २०१२ मध्ये, वय अठ्ठावीस. यान झेलेझ्नीचा ९८.४८ मीटरचा भालाफेकीतला जागतिक विक्रम १९९६ चा, तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा. नीरज चोप्रानं नव्वदीची रेषा ओलांडली, ९०.२३ मीटर, ती मे २०२५ मध्ये दोह्याला, सत्ताविसाव्या वर्षी. आणि आपल्या आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीनं २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य मिळवलं तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता.

माझ्याकडे मुलं येतात सतरा-अठराची आणि जातात एकविसाची. म्हणजे कैरीच बघायला मिळते, आंबा दुसऱ्याच्या टोपलीत. कर्नाटकात २०२१ साली चार वर्षांच्या ऑनर्स पदवीची सोय आली तेव्हा स्टाफरूममध्ये सगळे वैतागलेले होते, मी एकटीच खूश. २०२४ मध्ये सरकारनं पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. शिक्षणतज्ज्ञ त्यावर बाजूनं-विरोधात बरंच बोलले. माझी तक्रार एवढीच की हातातला एक अख्खा मोसम गेला. आता चांगली मुलगी दिसली की मी तिला पदवीनंतर एम.ए.ला नाव घालायला लावते. आंतरविद्यापीठ स्पर्धेत पंचविशीपर्यंत खेळता येतं. एका मुलीनं माझ्या आग्रहापायी समाजशास्त्रात एम.ए. केलं. समाजशास्त्र तिला पुढे आवडलंसुद्धा.

मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातली. घरात मराठी, शाळा मराठी, बाजारात कन्नड. गोळा पहिल्यांदा हातात आला तो बेळगावात, कॉलेजच्या पहिल्या वर्षी, तोही संघात एक नाव कमी पडत होतं म्हणून. अंगानं थोराड, त्यामुळे सरांनी बोट दाखवलं ते माझ्याकडेच. घरी आत्या म्हणाली, "पोरीच्या जातीनं लोखंड कशाला उचलायचं, दंड पुरुषासारखे होतील." दंड झाले. लग्नही झालं. पुढे बी.पी.एड., एम.पी.एड. आणि पतियाळाचा कोचिंगचा डिप्लोमा केला. पतियाळाची ती संस्था १९६१ ची, महाराजांच्या मोतीबाग राजवाड्यात भरते. तिथे गेल्यावर कळलं की इतकी वर्षं मी गोळा हातानं टाकत होते.

गोळा हातानं टाकायचा नसतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना हे समजायला सहा महिने लागतात आणि अंगात उतरायला दोन वर्षं. ताकद उगवते तळपायातून. तिथून गुडघा, कंबर, छाती, खांदा, आणि सगळ्यांच्या शेवटी हात. हात घाई करून आधी सुटला की खालची सगळी कमाई वाया गेली. दिवसभर मी एकच ओरडत असते: "कालु मोदलु, कै आमेले!" पाय आधी, हात मागून. बिहारहून आलेल्या मुलालाही एवढं कन्नड आठवड्यात येतं. गोळा तळहातात भरायचा नाही, बोटांच्या मुळांवर पेलायचा आणि मानेला चिकटवायचा. सराव संपल्यावर मी हात बघते. बोटं आणि मान खडूनं पांढरी, तळवा स्वच्छ, तर पकड बरोबर होती.

शाळेत मुलं शिकून आलेली असतात की पंचेचाळीस अंशात फेकलं तर सगळ्यात लांब जातं. पुस्तकात ते खरं आहे, कारण पुस्तकातला गोळा जमिनीवरून सुटतो. आपला सुटतो डोक्याच्या वरून, साधारण दोन मीटरवरून. शिवाय माणसाला वर ढकलण्यापेक्षा पुढे ढकलताना जास्त वेग देता येतो. म्हणून चांगल्या फेकीचा कोन पस्तीस ते अडतीसच्या आसपास येतो. पण खरी किल्ली वेगाची. दोन मीटर उंचीवरून, अडतीस अंशात, सेकंदाला बारा मीटर वेगानं सुटलेला गोळा साडेसोळा मीटरच्या आसपास पडतो. तोच वेग तेरा करा, एकोणीसला टेकतो. सेकंदाला एक मीटर जास्त, आणि जमिनीवर अडीच मीटरचा फरक! हे गणित मी फळ्यावर मांडते तेव्हा बी.कॉम.ची मुलंसुद्धा मान वर करतात. तो एक मीटर वेग कुठून आणायचा, तर दोन मीटर साडेतेरा सेंटिमीटरच्या वर्तुळातून. तेवढ्यात पाठमोरं उभं राहायचं, घसरत किंवा गिरकी घेत पुढे यायचं, आणि फेकून झाल्यावर आतच थांबायचं. तोल जाऊन पाऊल पुढच्या लाकडी फळीच्या वर पडलं की फाउल.

थाळीचा तर स्वभावच वेगळा. तिला समोरून येणारा वारा लागतो, त्यावर ती तरंगते. धावणारे आणि लांब उडीवाले उंचावरच्या विरळ हवेवर खूश असतात, थाळीला मात्र दाट हवा हवी. आमचं बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर. फरक थोडाच पडतो, पण मंगळूरच्या मुलींनी आम्हाला हरवलं की मी हे कारण सांगून बघते. कुणी ऐकत नाही. खरं कारण मूडबिद्रीचं आळ्वाज आहे, त्या संस्थेनं खेळाडूंचं वसतिगृह, जेवण आणि मैदान एका जागी आणलंय. तिथली मुलं मंगळूर विद्यापीठाकडून उतरतात तेव्हा बाकीचे दुसऱ्या नंबरासाठी खेळतात.

आता नोकरीबद्दल. कर्नाटकातल्या कॉलेजात निव्वळ "थ्रो कोच" अशी जागा जवळपास नसतेच. जागा असते फिजिकल एज्युकेशन डायरेक्टरची, मुलांच्या तोंडी "पी.डी. मॅम". त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमानं पंचावन्न टक्क्यांची पदव्युत्तर पदवी, नेट किंवा सेट, आणि वर पळण्याची परीक्षा: तिशीपर्यंतच्या पुरुषानं बारा मिनिटांत अठराशे मीटर, बाईनं आठ मिनिटांत हजार. त्याच नियमावलीत ग्रंथपालही येतो, पण त्याला कुणी पुस्तकांची चळत उचलून दाखवायला सांगत नाही. खासगी कॉलेजात बहुतेकांचं काम वर्षावर्षाच्या करारावर चालतं. कबड्डीचा संघ माझा, बुद्धिबळाच्या प्रवेशिका माझ्या, पंधरा ऑगस्टचं संचलन माझं, वार्षिक संमेलनात दारावर उभं राहून बाहेरच्या पोरांना हाकलणंही माझंच, दंड बघून दिलेलं काम. फेकीचा सराव यांच्या आधी आणि नंतर, म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी साडेचारला.

सकाळी सहाला बंगळुरात मैदान मिळवणं हा वेगळाच खेळ. क्रिकेटला नेट असतं, फुटबॉलला हिरवळ असते, आणि गोळा-थाळी म्हटलं की मैदानवाले आधी खड्ड्यांचा विचार करतात. एका मैदानावर आम्हाला हिरवळ खराब होते म्हणून बाहेर काढलं. दुसरीकडे जागा मिळाली, तिथे फिरायला येणारी ज्येष्ठ मंडळी कानात गाणी घालून नेमकी आमच्या सेक्टरमधून, म्हणजे फेक जिथे पडते त्या पट्ट्यातून, जातात. मग आधी सेक्टर आखायचा. पुस्तकात कोन दिलाय ३४.९२ अंश, पण एवढा कोन मोजायचं यंत्र कुणाकडे असतं? आमची युक्ती जुनी आहे: वर्तुळाच्या मध्यापासून टेप वीस मीटर न्यायची, दोन खुंट्या एकमेकींपासून बारा मीटरवर ठोकायच्या, दोऱ्या ताणायच्या आणि फक्की मारायची. वीसला बारा, कोन आपोआप बरोबर येतो. भाल्याला वीसला दहा. नवीन मुलाला मी पहिला आठवडा हेच करायला लावते, फेकायला नाही.

आखण्याचा आग्रह उगाच नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये केरळात पाला इथे ज्युनियर राज्य स्पर्धेत भालाफेक आणि हातोडाफेक एकाच वेळी चालू होत्या. भाल्याच्या बाजूला स्वयंसेवक म्हणून उभ्या असलेल्या शाळकरी मुलाच्या डोक्यात हातोडा बसला, आणि काही दिवसांनी तो रुग्णालयात दगावला. सोळा-सतरा वर्षांचं पोर. त्या बातमीनंतर माझ्याकडे हातोडा जाळीशिवाय फिरत नाही, आणि ज्या मैदानावर जाळी नाही तिथे हातोडा होतच नाही, मग स्पर्धा तोंडावर असो. बाकीचे नियम साधे. सगळ्यांनी फेकायचं, मग सगळ्यांनी मिळून आणायला जायचं. आणलेली वस्तू हातात घेऊन चालत यायचं, उलट फेकायची नाही. जमिनीत रुतलेला भाला सरळ उपसायचा आणि टोक खाली ठेवून उभा धरून न्यायचा. यात हयगय केली की त्या दिवशी माझ्याकडून फक्त शिव्या मिळतात, सराव नाही.

मुलींचं घर पटवणं हा या कामाचा मोठा भाग. आत्याचं वाक्य मी आजही ऐकते, कधी कन्नडमध्ये, कधी तेलुगूत. तेव्हा मी ११ ऑक्टोबर २०१० ची गोष्ट सांगते. दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत बायकांच्या थाळीफेकीत पहिल्या तिन्ही जागा भारताच्या: कृष्णा पूनिया, हरवंत कौर, सीमा अंतिल. कृष्णाची फेक ६१.५१ मीटर. मैदानी खेळांत १९५८ च्या मिल्खासिंगांनंतर भारताला राष्ट्रकुलचं सुवर्ण मिळालं ते तेव्हा, आणि कृष्णाच्या घरी लहान मुलगा होता. कोच तिचा नवराच, वीरेंद्र पूनिया. शेवटची ही माहिती आयांना पदकापेक्षा जास्त पटते, हे माझ्या लक्षात आलंय. मग त्या खाण्याबद्दल विचारतात. मी म्हणते, घरात जे आहे तेच, फक्त दुप्पट: रागी मुद्दे, सारू, अंडी, दही, शेंगदाणे. पावडरीच्या डब्यांवर पैसे घालवू नका.

डब्यांवरून आठवलं. फेकीचा खेळ ताकदीचा, त्यामुळे औषधांची वाट इथे सगळ्यात सोपी. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य स्पर्धेत उत्तेजक चाचणीवाले आल्याचं कळताच खेळाडू पळाले आणि शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीला एकच मुलगा धावला. स्वच्छतागृहात सुया सापडल्या. ते धावणारे होते म्हणून आपण फेकणाऱ्यांनी हसू नये. हसनकडचा डी. पी. मनू, २०२३ च्या बुडापेस्ट जागतिक स्पर्धेत ८४.१४ मीटर फेकून सहावा आलेला आपल्या राज्याचा भालाफेकपटू, चाचणीत अडकला आणि चार वर्षांसाठी बाहेर गेला. माझ्या मुलांना मी दरडावत नाही, हिशेब सांगते: तुझ्याकडे तीन वर्षं आहेत, बंदी चार वर्षांची असते.

बरं, यातून मिळतं काय? रेल्वे, पोलीस, सैन्य, बँकांच्या काही जागा. खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी हेच बहुतेक घरांचं खरं पदक, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. अडचण एवढीच की नोकरी बऱ्याचदा दुसऱ्या वर्षातच लागते आणि मुलगा जातो. मुंढव्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटला गेला तर मी पेढे वाटते, तिथे फिजिओ आहे, जेवण आहे, लाखाच्या घरातला परदेशी भाला आहे. एखाद्या कचेरीत गेला तर पोट सुटतं. आणि बंगळुरात तिसरीही वाट आहे, व्हाइटफील्डच्या कंपन्यांची. चांगल्या डाव्या हाताची एक भालाफेकपटू आज तिथे रात्रपाळीत अमेरिकन ग्राहकांचे फोन घेते. पगार माझ्यापेक्षा जास्त आहे.

अमेरिकेचा विषय निघाला की विकास गौडाकडे परत यावं लागतं. त्याचे वडील शिवे गौडा १९८८ च्या भारतीय ऑलिंपिक मैदानी संघाचे कोच. विकास सहा वर्षांचा असताना कुटुंब अमेरिकेला गेलं, तो मेरीलँडमध्ये वाढला आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाकडून खेळला. २००६ मध्ये तिथल्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत थाळीफेकीत पहिला आला. तिथे मोठ्या विद्यापीठात फक्त फेकीसाठी पगारी कोच असतो, धावण्याचा वेगळा, उडीचा वेगळा. कबड्डी आणि संमेलनाचं दार त्याच्या गळ्यात नसतं. विकासची फळं आपल्याला मिळाली: २०१३ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत आशियाई स्पर्धेत ६४.९० मीटरवर सुवर्ण, २०१४ मध्ये ग्लासगोला राष्ट्रकुलचं सुवर्ण. बालेवाडीला ज्यांनी त्याला पाहिलं असेल त्यांना त्याची उंची आठवत असेल. मला आठवतो तो वर्तुळात शिरताना घेतलेला वेळ.

आणि माझ्या सव्वीस-सत्ताविसाच्या सिद्धान्ताला भोक पाडणारा मुलगाही अमेरिकेतल्या कॉलेजातलाच. लिथुआनियाचा मीकोलास अलेकना. कॅलिफोर्नियात बर्कलीला शिकत असताना, एप्रिल २०२४ मध्ये, ओक्लाहोमातल्या रमोना गावी त्यानं ७४.३५ मीटर थाळी फेकली. युर्गेन शुल्टचा १९८६ पासून टिकलेला विक्रम मोडला, तोही एकविसाव्या वर्षी. पुढच्या वर्षी तिथेच ७५.५६. रमोनाला सपाट माळावरून वारा येतो, तो थाळीला मानवतो, आणि बाप विर्गिलियुस अलेकना दोनदा ऑलिंपिक विजेता. तरीही मान्य करते, कॉलेजच्या वयात जागतिक विक्रम होतो. मुलं हा दाखला मला मुद्दाम पुन्हा पुन्हा ऐकवतात.

५ जुलै २०२५ ला नीरजच्या नावाची स्पर्धा बंगळुरात, कंठीरवा स्टेडियमवर झाली. आधी ती हरियाणात पंचकुलाला ठरली होती, तिथल्या दिव्यांची अडचण आली म्हणून इकडे आली, आणि मे महिन्यात व्हायची ती सीमेवरच्या संघर्षामुळे जुलैत गेली. मी मुलांना घेऊन गेले. नीरज ८६.१८ मीटरवर पहिला, केनियाचा ज्युलियस येगो दुसरा, श्रीलंकेचा रुमेश पथिरगे तिसरा. क्रिकेटच्या शहरात लोकांनी भाल्याच्या धावेला टाळ्यांचा ठेका धरला होता. मुलांना मी बजावलं होतं, भाल्याकडे बघायचं नाही, डाव्या पायाकडे बघायचं. धावत आलेलं सगळं अंग तो पाय ताठ रोवून अडवतो, आणि अडलेला वेग भाल्यात जातो. टीव्हीवर कॅमेरा भाल्यामागे पळतो, पाय दिसतच नाही. येताना मेट्रोत एक मुलगा खांब धरून डावा पाय रोवत उभा होता, आजूबाजूचे लोक सरकून जागा देत होते.

नीरजच्या मागे किती कोच आहेत ते मोजा. पानिपतला जयवीर, पंचकुलाला नसीम अहमद, मग काशिनाथ नाईक, ऑस्ट्रेलियाचे गॅरी कॅल्व्हर्ट, जर्मनीचे उवे होन आणि क्लाउस बार्टोनीट्झ, त्यानंतर झेलेझ्नी. यातले काशिनाथ आमच्या बाजूचे, शिरसीचे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलमध्ये भालाफेकीत ७४.२९ मीटरवर कांस्य मिळवलेले फौजी, पुढे पुण्यात कोच. नीरजच्या टोकियो ऑलिंपिकमधल्या सुवर्णानंतर, ऑगस्ट २०२१ मध्ये, कर्नाटक सरकारनं त्यांना नीरजचे कोच म्हणून दहा लाखांचं बक्षीस जाहीर केलं आणि लगेच राष्ट्रीय महासंघाचे अध्यक्ष म्हणाले की हे कोण, मी ओळखत नाही. आठवडाभर वर्तमानपत्रांत वाद. कुणाकडे किती काळ होता, कुणाचा वाटा किती, याचा निवाडा मी काय करणार. पण त्या वादाची मांडणीच मला चुकीची वाटली. पदकाचा कोच एकच असतो असं धरून सगळे बोलत होते. उवे होननी स्वतः १९८४ मध्ये १०४.८० मीटर भाला फेकला होता, इतका लांब की पुढे १९८६ मध्ये भाल्याचा गुरुत्वमध्य पुढे सरकवून नियमच बदलावा लागला. अशा माणसाकडेही नीरज आला तो तयार पाया घेऊन. तो पाया कुणीतरी घातलेला होता.

म्हणून मी प्रत्येक मुलाची एक वही ठेवते. दर महिन्याची उत्तम फेक, किती वजन उचललं, कुठे दुखलं, कुठल्या बुटांत घसरतो, परीक्षेच्या काळात झोप किती. मुलगा गेला की वहीची झेरॉक्स त्याच्याबरोबर जाते, मूळ प्रत माझ्या कपाटात. पुढचे कोच ती वाचतात का? बरेच नाही वाचत. गेल्या पावसाळ्यात मात्र रेल्वेच्या एका कोचांचा फोन आला. "मॅडम, ही पोरगी उजव्या पायावर वळायला का कचरते?" मी कपाट उघडलं. दुसऱ्या वर्षी घोटा मुरगळला होता, कॉलेजच्या जिन्यावर, मैदानावर नव्हे. दुखणं गेलं, भीती राहिली. त्यांनी तिला घसरत फेकायची पद्धत सोडून गिरकीवर न्यायचं ठरवलंय. मी म्हटलं, आणखी एक वर्ष थांबा, चार किलोच्या गोळ्याला तिचे पाय अजून पुरे नाहीत. ते म्हणाले, तुमची तीन वर्षं झाली मॅडम, आता माझी मोजा. दर महिन्याला फोन होतो, आणि वाद अजून तिथेच आहे.